फेड मारण्याआधी सांगायचा असतो

आम्ही चौघं गोल्फ खेळतो, आणि आमच्यात चेंडूचं बारसं तो जमिनीला टेकल्यावर होतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडून उजवीकडे वळत गेला आणि फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर पडला, की तो फेड. तसाच वळून झाडीत शिरला, की स्लाइस. झाडीतल्या खोडाला आपटून परत फेअरवेवर आला, तर पुन्हा फेडच. वर "तिकडूनच आणायचा होता" हेही ऐकून घ्यायचं. आमच्यातला सीए या कामात सगळ्यात तरबेज. एप्रिलची एंट्री मार्चमध्ये दाखवू म्हटलं तर जो माणूस अशिलावर डोळे वटारतो, तोच टी-बॉक्सवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, निकाल लागल्यानंतर मागच्या तारखेने इरादा लिहितो.

थट्टा सोडा, पण प्रश्न खरा आहे. दोन्ही चेंडू एकाच बाजूला वळतात, दोन्हींमागचं कारणही एकच. मग एक जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंचा भरवशाचा फटका आणि दुसरा हौशी गोल्फरांच्या मागे लागलेलं दुखणं, हे कसं काय? माझं उत्तर असं, की फेड मारण्याआधी सांगता आला पाहिजे. नुसतं ‘उजवीकडे वळवतो’ असं नव्हे. कुठून निघेल, किती वळेल आणि कुठे पडेल, हे तिन्ही. क्रिकेटमध्ये आउटस्विंगर टाकणारा बोलर आधी स्लिप लावून घेतो. स्लिप न लावता चेंडू बाहेर निघून गेला, तर कॅप्टन शाबासकी देत नाही, लाइन सुटली म्हणतो. फेड मारणाऱ्याने डावीकडचं झाड निशाण म्हणून धरणं, ही त्याची स्लिप.

(डावखुऱ्यांनी या लेखातलं डावं-उजवं आपलं आपण उलटं करून घ्यावं. त्यांना सवय असते.)

मुंबईत मराठी घरात गोल्फचं नाव काढलं, की पहिला प्रश्न येतो, "आपल्यातलं कोण खेळतं रे?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ताडदेवचा विलिंग्डन क्लब 1918 सालचा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 सालचा, कुलाब्याला नौदलाच्या वस्तीपाशी समुद्राला लागून यूएस क्लब. यांचं सभासदत्व मिळवायचं तर आजोबांनीच अर्ज करून ठेवलेला बरा. आम्ही जातो सिडकोच्या खारघर व्हॅलीला, पांडवकड्याच्या बाजूला. पैसे भरा, खेळा. पण आपल्यातलं कोण खेळतं याचं दुसरंही उत्तर आहे. चेंबूरच्या क्लबला खेटून असलेल्या वस्तीत कॅडींची, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांची, पोरं वाकवलेल्या लोखंडी सळईने आणि प्लास्टिकच्या बॉलने गल्लीगल्लीत गोल्फ खेळत मोठी झाली. परदेशी फोटोग्राफरांनी त्यांचे फोटो काढले, ते गाजले. गल्लीची रुंदी पाहता तिथे उजवीकडे वळलेला बॉल थेट कुणाच्या तरी दारात जाणार, आणि दारातली बाई त्याला फेड म्हणणार नाही.

आता मूळ मुद्दा. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा आणि कमीत कमी 42.67 मिलिमीटर व्यासाचा. क्लबच्या, म्हणजे मारायच्या काठीच्या, तोंडावर तो जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद टेकतो. तेवढ्यात दोन गोष्टींचा निकाल लागतो : क्लबचं तोंड, म्हणजे फेस, त्या क्षणी कुठे बघतोय, आणि क्लबचं डोकं कुठल्या दिशेने चाललंय. या दुसऱ्या गोष्टीला सगळे पाथ म्हणतात. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबच्या बाबतीत तर जवळजवळ 80 ते 85 टक्के हिशेब फेसचा. आणि वळतो किती, ते फेस आणि पाथ यांच्यात किती अंशांची फट आहे त्यावर ठरतं. फेस पाथच्या उजवीकडे बघत असेल, तर चेंडूच्या फिरकीचा आस उजवीकडे कलतो आणि चेंडूही उजवीकडे झुकतो. फेड असो की स्लाइस, कारण एवढंच.

कितीतरी वर्षं शिकवलं जायचं ते याच्या उलट. चेंडू पाथच्या दिशेने निघतो आणि फेस जिकडे बघतो तिकडे जाऊन संपतो, असं जुनं शास्त्र. म्हणून फेडची पाककृतीही साधी होती : फेस होलवरच्या झेंड्याकडे ठेवा, उभे डावीकडे राहा, पायांच्या रेषेत स्विंग करा. नंतर डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रं आली, चेंडू कुठून कसा निघतो ते मोजू लागली, आणि ही कृती फसवी ठरली. फेस झेंड्याकडे असेल तर चेंडू जवळजवळ झेंड्याच्या रेषेतच निघणार आणि तिथून उजवीकडे वळणार, म्हणजे झेंड्याच्या उजवीकडेच संपणार. तो परत झेंड्याकडे यायचा असेल, तर निघतानाच डावीकडे निघाला पाहिजे. त्यासाठी फेसही झेंड्याच्या डावीकडेच बघत हवा, फक्त पाथपेक्षा कमी डावीकडे.

हे वाक्य मी सरावाच्या रेंजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. उजवीकडे वळवायचा चेंडू, आणि फेस डावीकडे? पण फेड आणि स्लाइस वेगळे होतात ते नेमके इथेच. आकडे घेऊन बघा. पाथ 3 अंश डावीकडे, फेस दीड अंश डावीकडे; फट दीड अंशाची. 200 यार्डांवर दीड अंश म्हणजे साधारण 5 यार्ड. चेंडू फेअरवेच्या मध्यापासून तेवढा डावीकडे निघतो, हळूहळू कलतो आणि मध्यावर येऊन बसतो. आता दुसरा माणूस घ्या. त्याचा पाथ 6 अंश डावीकडे आणि फेस 4 अंश उजवीकडे. फट 10 अंशांची, आणि वर चेंडू निघतानाच उजवीकडे निघालेला. तो उजवीकडून आणखी उजवीकडे जात राहतो. फेस उघडा, म्हणजे पाथच्या मानाने उजवीकडे, राहिल्याने त्याला नको तेवढी उंची मिळते, जोर फिरकीत वाया जातो आणि लांबी घटते. शेजारून बघणाऱ्याला दोघांचाही पाथ डावीकडेच दिसतो, क्लबने जमिनीवर उडवलेला गवताचा खड्डा, म्हणजे डिव्हॉटही, दोघांचा डावीकडे. म्हणून डिव्हॉट दाखवून ‘बघ, फेडचाच स्विंग आहे’ म्हणणाऱ्याला काही उत्तर देऊ नये.

फिरणारा चेंडू वळतो कसा, याचं कुतूहल जुनं आहे. न्यूटनने टेनिसच्या चेंडूबद्दल 1672 सालीच लिहून ठेवलंय. पण माझा आवडता माणूस एडिंबराचा प्राध्यापक पीटर टेट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने गोल्फच्या चेंडूला फीत बांधली, चेंडू मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजून चेंडू किती फिरला ते काढलं. कॅमेरा नाही, रडार नाही, फितीचे पीळ! त्याचा मुलगा फ्रेडी टेट 1896 आणि 1898 साली ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकला. घरात एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने मारायचं, अशी छान वाटणी.

चेंबूरला एका सभासद मित्राचा पाहुणा म्हणून अधूनमधून खेळायला मिळतं. तिथले एक कॅडी मित्राशी हिंदीत बोलत होते. माझं आडनाव कानावर पडलं आणि ते मराठीवर आले. वयाने माझ्याहून बरेच मोठे, त्या वस्तीच्या गल्लीतच शिकलेले. मी त्यांना काका म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. दोघांनीही हे बदलायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही पहिले पन्नास यार्ड बघा. पुढचं मी बघतो." आपण सगळे मान उंचावून चेंडू कुठे पडतोय तेच बघतो, आणि नेमका निघतानाचा क्षण डोळ्यांआड होतो. पहिल्या पन्नास यार्डांत वळण जवळजवळ नसतंच, दिसते ती निव्वळ निघण्याची दिशा. तिथे चेंडू ठरवल्याप्रमाणे निशाणाच्या थोडा डावीकडे असेल, तर पुढे तो जरा जास्त वळला तरी तो फेडच, थोडा बिघडलेला. तिथेच तो उजवीकडे असेल, तर फेअरवेवर पडला तरी स्लाइस.

त्यांची दुसरी युक्ती खिशातल्या व्हाइटबोर्ड मार्करची. पाहुणा दोन-तीनदा उजवीकडे घालवून बसला आणि ग्रिपपासून टाचेपर्यंत सगळ्याला दोष देऊ लागला, की काका काही न बोलता टीवर ठेवलेल्या बॉलच्या मागे निळा ठिपका काढतात. फटका झाला, की ड्रायव्हरचं तोंड स्वतः आधी बघतात, मग त्या पाहुण्यापुढे धरतात. एकदा अशाच एका पाहुण्याच्या ठिपक्याचा छाप होता थेट दांड्याच्या बाजूला, हीलवर. ड्रायव्हरचं तोंड किंचित फुगीर असतं आणि डोक्याचं वजन मागे असतं. हीलवर बसलेला फटका डोकं उलटं फिरवतो आणि त्या फिरण्याने चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. म्हणजे फेस नीट, पाथ नीट, तरी चेंडू उजवीकडे. अशा माणसाला ग्रिप बदलायला सांगणं म्हणजे दुसऱ्याच रोगाचं औषध देणं. काकांनी सांगितलं, "एक बोट मागं उभं राहा." पुढचा छाप मधोमध आला. ठिपका पुसून त्यांनी मार्कर खिशात टाकला, आणि पाहुणे साहेब पुढे चार होल आपल्या नव्या ग्रिपबद्दल बोलत राहिले.

मला स्वतःला स्लाइस कधी लाभला नाही. कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये मिडविकेटवरून उचलण्यात तारुण्य गेलेलं, खालचा हात दांडगा. त्यामुळे माझा चेंडू डावीकडे हुक होतो, खाली राहतो आणि पडल्यावर पळत सुटतो. मला फेड शिकावा लागला. त्यामुळे दुसऱ्यांना तो फुकट मिळाल्याचं ऐकलं, की पोटात दुखतं, हे मान्य. शिकताना सगळ्यात अवघड गेलं ते हातांना गप्प बसवणं. अंग डावीकडे वळत राहायचं, छाती निशाणाकडे यायची आणि हातांनी मनगट पलटायचं नाही. क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला यात काहीतरी अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. फटका मारलाच नाही असं वाटावं, आणि तेव्हाच तो नीट बसावा!

अमेरिकन गोल्फर बेन होगनची गोष्ट इथे आठवते, कारण ती हमखास चुकीच्या माणसाच्या हाती लागते. होगन सुरुवातीची कितीतरी वर्षं हुकने हैराण होता. ग्रिपवरचा हात डावीकडे सरकवून, मनगटाची ठेवण बदलून त्याने तो हुक मोडून काढला आणि फेडवर आला. 1949 साली बसने त्याच्या गाडीला धडक दिली, माणूस मरता मरता वाचला, आणि 1950 साली मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन जिंकला. 1955 साली ‘लाइफ’ मासिकात त्याने आपलं गुपित उघड केलं : डावा हात ग्रिपवर थोडा डावीकडे आणि बॅकस्विंगच्या टोकाला डावं मनगट किंचित मागे मोडलेलं. हे दोन्ही कशासाठी? फेस बंद होऊ नये, म्हणजे डावीकडे पलटू नये म्हणून. ज्याचा फेस आपोआप बंद होतो, त्याच्यासाठी हे बरोबर. आणि वाचून अमलात कुणी आणलं? ज्यांचा फेस मुळात बंदच होत नाही त्यांनी. होगनसारखा फेड यावा म्हणून होगनची ग्रिप धरलेले आणि त्यामुळे स्लाइस दुप्पट झालेले लोक आजही दर रेंजवर भेटतात. जॅक निकलॉस 18 मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकला तो बहुतेक वेळा चेंडू डावीकडून उजवीकडे आणत. ली ट्रेव्हिनो या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूच्या नावावर तर एक वाक्यच आहे, की फेडशी बोलता येतं, हुक ऐकून घेत नाही. हुकचा अनुभव असल्याने माझी याला साक्ष आहे.

निकलॉस, ट्रेव्हिनो, होगन यांनी फेड धरला तो दिसायला छान म्हणून नव्हे. फेड मारणाऱ्याला अर्धं मैदान विसरता येतं. डावीकडच्या कडेवर निशाण धरलं. चेंडू वळलाच नाही, तर डावीकडच्या कडेला. ठरल्याइतका वळला, तर मध्यावर. दुप्पट वळला, तरी उजव्या कडेला. तिन्ही वेळा पुढचा फटका गवत कापलेल्या जागेवरून. स्लाइसवाल्यालाही कुणीतरी हेच सांगतं, "डावीकडे धर ना." तो डावीकडे उभा राहतो. खांदे डावीकडे वळले, की पाथ आणखी डावीकडे जातो; फेस मात्र जिकडे जायचंय तिकडेच उघडा राहतो. फट वाढते, चेंडू आणखी वळतो. मग तो आणखी डावीकडे उभा राहतो. हे चक्र चालू असताना एखाद्या वेळी हात चुकून वेळेवर येतात, फेस पाथबरोबर जुळतो, आणि चेंडू सरळ, सणसणीत, थेट डावीकडच्या ओबीमध्ये, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर. आयुष्यातला सगळ्यात छान बसलेला फटका, आणि आता टीवरूनच तिसरा मारायचा! ज्याची चूक दोन्ही बाजूंना जाऊ शकते, त्याच्या वळणाला मी तरी फेड म्हणणार नाही.

आणखी एक गैरसमज : "माझा स्विंग ठीक आहे, आयर्न सरळ जातात, फक्त ड्रायव्हर स्लाइस होतो." आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचे आखूड क्लब. त्यांचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे कल, जास्त. चेंडूला मागे फिरवणारी फिरकी भरपूर मिळते आणि तिच्यापुढे फेस-पाथच्या फटीचा प्रभाव पडत नाही. आस थोडासाच कलतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी, तेवढीच फट आस कितीतरी जास्त कलवते. वेज या सगळ्यात जास्त लॉफ्टच्या क्लबने तर फार मोठी फट असली तरी चेंडू जेमतेम वाकतो. म्हणजे स्विंग तोच, फट तीच. आयर्न फक्त झाकून घेतो. याचीच दुसरी बाजू अशी, की पाच नंबरच्या आयर्नने फेड जमला म्हणून तीच हालचाल ड्रायव्हरला लावली, तर ती जास्त वाटते. मी ड्रायव्हरने मारताना जवळजवळ काहीच करत नाही. निशाण बदलतो आणि मनगट गप्प ठेवतो, बस.

वाऱ्याने बरंच काही उघडं पडतं. मुंबईत दुपार चढली, की वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून. उत्तरेकडे तोंड करून मारणाऱ्याला तो डावीकडून लागतो. चांगला फेडसुद्धा चार-पाच यार्ड जास्त वाहतो, आणि स्लाइस तर शेजारच्या फेअरवेवर जाऊन सावध करायला "फोर" ओरडायला लावतो. दक्षिणेकडे तोंड असेल तर वारा उजवीकडून. फेड वाऱ्याला टेकून जवळजवळ सरळ जातो. समोरून वारा असेल तेव्हा मात्र कुणाचीच गय नाही. चेंडूला लागणाऱ्या हवेचा वेग वाढतो, फिरकीचा परिणाम वाढतो, जे काही वळण असेल ते दुणावतं. कुणाचा फेड आणि कुणाचा स्लाइस हा वाद मिटवायचा असेल, तर समोरच्या वाऱ्यात ड्रायव्हर हातात द्यावा आणि मारण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने विचाराव्यात : कुठून, किती, कुठे. आमच्यात मी हे सुरू केल्यापासून उत्तरं जरा मोघम यायला लागली आहेत. "तसा डावीकडूनच, पण बघू."

मे महिन्यात खारघरची जमीन भाजून निघालेली असते. उजवीकडे तिरका आलेला चेंडू टप्पा पडल्यावर त्याच दिशेने आणखी पळतो, फेअरवेच्या कडेवरून रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, रफमधून कातळाकडे. तेव्हा फेडचे दावेदार कमी असतात. जुलैत चित्र पालटतं. डोंगरावरून पाण्याच्या धारा, फेअरवे भिजून मऊ. चेंडू पडेल तिथेच रुततो, एक यार्ड पुढे जात नाही. क्लबचं तोंड ओलं, मध्ये गवताचं पाणी. फेसची पकड सुटते, फिरकी घटते, वळणही घटतं. एरवी झाडीत गेला असता तो चेंडू फेअरवेच्या उजव्या कडेवर चिखलात अर्धा गाडलेला सापडतो आणि टीवरून आवाज येतो, "फेड!" जून ते सप्टेंबर या काळातले असले सगळे दावे मी ऐकून सोडून देतो. ऑक्टोबरात जमीन कडक झाली, की मग बोलू.